पारस मार्टचं पहिलं कुटुंब

घोडेगावातल्या पारस मार्टचं बिलाचं मशीन दहा आकडी मोबाइल नंबर घेतल्याशिवाय कागद बाहेर सोडत नसे. दहा शून्यं टाकून पाहिली, ती त्याला पटली नाहीत. मालक पिंटूशेठचं म्हणणं, "रत्नाताई, नंबर म्हणजे गिऱ्हाईक. नंबर नाही, तर नुसता माणूस आला आणि गेला."

पण माणसं ऐकतात होय? भीमाशंकरला निघालेले पावणे पाण्याच्या बाटलीपायी नंबर देईनात. गावातला सावळेराम तर काउंटरवर हात आपटायचा. "साखर घ्यायला आलोय बाई, सोयरीक जमवायला न्हाई. नंबर कशाला?"

मागे रांग तटायची. म्हणून काउंटरवरच्या रत्नाने सोपा मार्ग काढला. जो नाही म्हणेल, त्याच्या बिलावर स्वतःचा नंबर.

रत्ना बेचाळीस वर्षांची. नवऱ्याने सोडल्याला पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पिंपरी पेंढारच्या भावाचा फोन यायचा तो भाऊबीजेला. तहसील कचेरीमागच्या एका खोलीत ती राहायची. तिथे महिन्याला काय काय लागतं ते तिला तोंडपाठ होतं, कारण फारसं काही लागतच नव्हतं.

मशीनच्या हिशेबी मात्र तिच्या घरात माणसं वाढायला लागली. भरत नावाचा एक अबोल गडी दर दहा दिवसांनी पावडरच्या दुधाचा डबा न्यायचा, नंबर द्यायचा नाही. रत्नाच्या फोनवर मार्टचा मेसेज आला, 'रत्नाजी, बाळाच्या दुधाचा डबा संपत आला असेल.' तिला हसू आलं. पुढच्या आठवड्यात 'साहेबांसाठी' दाढीचं क्रीम स्वस्त झालं. जूनमध्ये मुलांच्या वह्यांची आठवण आली. संध्याकाळी भाकरी थापताना फोन वाजला की ती म्हणायची, "थांबा रे, आले." खोलीत कोणी नसायचं, पण काहीतरी संपलंय म्हणून कोणीतरी हाक तर मारत होतं.

बाळ सहा महिन्यांचं झालं, असं धरून फोनने नाचणीसत्त्व सुचवलं. रत्नाने एक पाकीट विकत घेतलं आणि स्वतःच खाल्लं.

दसऱ्याला पिंटूशेठने वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा सत्कार ठरवला. कुकर, शाल आणि सहकुटुंब फोटो. नाव मशीननेच काढलं. शेठने पडद्याकडे पाहिलं, मग रत्नाकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"ताई, पगार बारा हजार आणि खरेदी पावणेदोन लाखांची? घरात माणसं आहेत तरी किती?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

"एकटीच," रत्ना म्हणाली. हे असं मोठ्याने सांगायची वेळ तिच्यावर बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

नोकरीची धास्ती वाटायला हवी होती. वाटली ती बाळाची.

पिंटूशेठ माणूस वाईट नव्हता. खरेदीवर मिळालेले पॉइंट तिने एकदाही वापरले नव्हते, एवढं त्याने आधी तपासलं, मग हसला. "अहो, दुकानाचा नंबर टाकायचा ना! आता हे काढून टाका. सगळा हिशेब खोटा झालाय."

रत्नाने स्वतःचं पान उघडलं. मशीनने विचारलं, 'ग्राहक कायमचा काढायचा?' दाढीचं सामान, वह्या, उपासाची भगर, गुडघ्याचं तेल, दुधाचे डबे. यादी तिने सावकाश वाचली आणि 'हो' दाबलं. वर्षभर जमलेलं घर पुसायला मशीनला क्षणही लागला नाही.

चार दिवस फोन गप्प होता. पाचव्या दिवशी भरत डबा घेऊन समोर उभा राहिला. तिने दुकानाचा नंबर टाकला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला विचारलं, "भाऊ, बाळ बसायला लागलं का?"

"कुणाचं बाळ?"

"दूध नेता ना."

"आईला नेतो, ताई. पडून हाय. दुसरं काय घशाखाली उतरत न्हाई."

मागून कोणीतरी म्हणालं, "चला की राव, उरका." तिने बिल फाडलं, पण हातातच धरून ठेवलं.

"नाव काय त्यांचं?"

"साळुबाई."

"भरवतं कोण?"

"मीच. दुसरं हाय कोण?" भरतने तिच्याकडे नीट पाहिलं. "हे बी मशीनला लागतं व्हय?"

"लागतं," रत्ना म्हणाली, आणि रांगेकडे न बघता पुढचा प्रश्न शोधायला लागली.