तीट

सोजराबाईचं बोट चांगलं, असं भालकीजवळच्या मेहकरात कुणालाही विचारलं तरी सांगायचं. बाळंतीण सव्वा महिन्यानं बाहेर पडली की लेकरू आधी मारुतीच्या पायावर घालायची आणि तिथून थेट सोजराबाईच्या ओट्यावर आणायची. सोजराबाई चंचीतून काजळाची डबी काढायची, एरंडेलात खललेल्या काळ्याभोर काजळात बोट बुडवायची आणि लेकराच्या कानामागं तीट लावायची. "जा आता, कुणाची दृष्ट लागायची न्हाई," असं ती म्हणायची, आणि ते अशा थाटात की जणू गावातली दृष्ट हिलाच विचारून घराबाहेर पडते.

यात नवल काय, असं वाटेल. नवल हे की सोजराबाई विधवा. नवरा, गुंडेराव, गेले तेव्हा तिचं वय तिशीचंही नव्हतं. तेव्हापासून याच गावानं तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, कुणाची ओटी भरू दिली नाही, आणि लग्नघरात ती दिसली की बायका ताट पदराआड करायच्या. तेच गाव आता आपली तान्ही लेकरं तिच्या बोटाखाली धरत होतं. गाव असं उगाच सुधारत नाही. त्यासाठी आभाळात काहीतरी घडावं लागतं, आणि तसं ते घडलं होतं.

तिचा एकुलता एक लेक रामकिशन. घरात किशन. बिदरला वेल्डिंग शिकून पोरगा हैदराबादला गेला आणि बालानगरातल्या एका खासगी कंपनीत लागला. रॉकेट सरकारचं, पण त्याचं पोलादी कवच घडवायचं काम या कंपनीकडं होतं. भालकीच्या बाजारापर्यंत बातमी पोचेस्तोवर मधलं सगळं गळून पडलं आणि किशन एकटाच रॉकेट बांधतो असं ठरलं. सुट्टीला आला की पारावर त्याच्याभोवती माणसं जमायची. तोही बोलायचा. एरवी चार शब्दांना महाग असलेला हा पोरगा त्या कवचाबद्दल बोलायला लागला की हातवारे करायचा, डोळे लकाकायचे, भाकरी ताटात वाळून जायची. सोजराबाईला त्यातलं काही कळत नसे. लेकाचं तोंड तेवढं बघत बसायची, आणि मग एकदम मान फिरवायची. आईचीच दृष्ट सगळ्यांत वाईट लागते, हे तिला ठाऊक होतं.

एका दसऱ्याला किशननं तिला हैदराबादला नेलं. खंडेनवमीला कंपनीत हत्यारांची पूजा असे आणि कामगारांच्या घरच्यांना त्या दिवशी आत सोडत. सोजराबाई नवं लुगडं नेसून गेली. लेथ, वेल्डिंगची यंत्रं, पान्हे, सगळ्यांना झेंडूच्या माळा. कामगारांच्या बायका ताटं घेऊन यंत्रांना हळदकुंकू लावत होत्या. सोजराबाईच्या हाती ताट कोण देणार? ती आपणहूनच मागं सरत सरत भिंतीशी जाऊन उभी राहिली. रागही आला नाही तिला. अशा वेळी कुठली भिंत धरायची हे विधवेला सांगावं लागत नाही.

तिथंच, दोरी लावून वेगळं केलेल्या जागी, पांढऱ्या कापडाखाली ते कवच होतं. आडवं ठेवलेलं, माणूस वाकून आत जाईल एवढं. किशन हौसेनं तिला म्हणाला होता, "माय, हे माझं काम. उद्यापासनं याला आतून रबराचं अस्तर लावायलेत. लांबूनच बघ, हात लावू नको. कुणीच हात लावायचा न्हाई याला."

कुणीच म्हणजे परक्यांनी, असं सोजराबाईनं धरलं. आईचा हात काय परका असतो?

सगळे आरतीला गेले. तिनं कापडाचा कोपरा उचलला. आतून ते पोलाद असं झळकत होतं की तिला धस्स झालं. एवढ्या देखण्या वस्तूला माझ्या लेकाचा हात लागलाय, ही एवढ्या लांब जाणार, हजार डोळे हिच्यावर पडणार, आणि कुणी साधी तीट लावली नाही? कुंकू तिला नाकारलं होतं. काजळ कोण नाकारणार होतं? तिनं डबी काढली, काजळात बोट बुडवलं, कवचाच्या आत हात घातला आणि दिसणार नाही अशा बेतानं कडेजवळ एक ठिपका लावला. किशनला लहानपणी लावायची तसा. मग कापड होतं तसं सोडलं आणि प्रसादाला जाऊन उभी राहिली.

ती गावी परतली. दिवाळीनंतर किशनही परतला, तोही वळकटी, पेटीसकट.

"शहराचं पाणी मानवंना गेलंय," एवढंच म्हणाला. सोजराबाईला बरंच वाटलं. त्यानं भालकीला बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान टाकलं. गेटं, खिडक्यांचे गज, बैलगाडीचे आख, मोडलेले नांगर. वर्ष झालं नाही तोच सोजराबाईनं त्याचं लग्न लावून दिलं. घर मार्गी लागलं. किशनचं बोलणं तेवढं आटलं, पण गावातला माणूस काय बोलतच असतो?

पुढच्या पावसाळ्यात रेडिओवर बातमी आली की रॉकेट गेलं. पारावर पेढे वाटले. किशन मात्र घरात रेडिओला कान लावून बसला होता, बातम्या संपून बाजारभाव सुरू झाले तरी. सोजराबाई हळूच त्याच्याजवळ जाऊन बसली.

"किशन्या, एक सांगू? रागावू नको. मी त्याला तीट लावली होती. दसऱ्याला. कापड उचलून. म्हणूनच सुखरूप गेलंय बघ."

किशन तिच्याकडं बघत राहिला. तिला वाटलं, आता ओरडतो. मग त्यानं रेडिओ बंद केला.

"व्हय माय," तो म्हणाला. "तुझी तीट घिऊनच गेलं ते."

पोटात ठेवायची गोष्ट होती का ही? दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर या गोष्टीला पाय फुटले. खुद्द किशननं हो म्हटलंय म्हटल्यावर शंका कोण घेणार? सोजराबाईची तीट आभाळात गेली! त्या आठवड्यात पहिलं लेकरू तिच्या ओट्यावर आलं. ज्या बाईनं ते आणलं तीच पूर्वी ताट पदराआड करायची. सोजराबाईनं तीट लावली आणि आत जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली. अठरा वर्षांनी कुणीतरी तिच्याकडं शुभ मागायला आलं होतं.

वर्षं गेली. रॉकेट सुटायचं असलं की किशन दुकान बंद ठेवायचा. वर्तमानपत्रातली चित्रं कापून दुकानाच्या फळीला चिकटवायचा. कधी एखादं रॉकेट समुद्रात पडलं की दोन दिवस जेवायचा नाही. बायको हसायची, "तुमचं काय जायलंय त्यात?"

मग एका उन्हाळ्यात काशप्पा आला. कंपनीत किशनशेजारीच काम करणारा, मूळचा हुमनाबादकडचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. लेकीच्या लग्नाचं बोलावणं द्यायला आला होता. किशन अजून दुकानातून यायचा होता. सोजराबाईनं पाणी दिलं, चहा दिला. काशप्पा चहा पीत तिच्याकडं बघून हसला.

"अव्वा, तुमच्या लेकासारखा माणूस बघितला न्हाई मी. एका काजळाच्या ठिपक्यापायी केवढी नोकरी घालवला!"

"कसला ठिपका?"

काशप्पाला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. त्यानं सगळं सांगितलं. आतलं अस्तर पोलादाला घट्ट चिकटावं लागतं. चिकटलं नाही तर रॉकेटची आग कवचाला खाते. तिथं तेलाचा एवढासाही डाग चालत नाही. तपासणीत ठोकून बघताना एका जागी पोकळ आवाज आला. अस्तर सोलून काढलं तर खाली काळा, तेलकट ठिपका. कवच बाद झालं. साहेब लोकांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, हात कुणाचा?

"रामकिशन वाकून बघितला त्या ठिपक्याला. लई वेळ बघितला. मग म्हणला, माझा हात. सगळे म्हणले, तुझा कसा, तू तर दुसऱ्याला पण हात लावू देत न्हाईस. तर म्हणला, न्हाई, माझाच. त्याच दिवशी त्याला काढले. गेटाबाहेर आल्यावर मला सांगितला, मायचं काजळ हाय ते, लहानपणापासनं वळखतो."

"मंग... जे गेलं ते?"

"ते दुसरं कवच, अव्वा. आम्ही नवं केलं की."

काशप्पा नंतर काय बोलला, केव्हा उठला, तिला आठवत नाही. ती उंबऱ्यात बसून राहिली. संध्याकाळी शेजारची गुरुबाई नातवाला घेऊन आली, नेमकी तेव्हाच. पाठोपाठ किशन सायकल लावत होता.

"सोजराकाकू, बाळाला तीट लाव की."

"काजळ सरलंय," सोजराबाई म्हणाली.

किशननं तिच्याकडं बघितलं. मग कोनाड्यातली लग्नपत्रिका बघितली, तिच्यावरचं काशप्पाचं नाव बघितलं. तो आत गेला, चंची घेऊन आला आणि काजळाची डबी उघडून तिच्यापुढं धरली.

"हाय की, माय. लाव."

"कामून सांगितलं न्हाईस मला?"

गुरुबाई दोघांच्या तोंडाकडं बघायला लागली. डबी धरलेला किशनचा हात तेवढा दिसत होता, ठिणग्यांनी भाजून काळपटलेला.

"खरं सांग किशन्या. पाणी मानवत न्हाई म्हणालास. लई आवडत होतं का रे ते काम तुला?"

न्हाई म्हणायला त्यानं तोंड उघडलं. इतकी वर्षं तेच म्हणत आला होता, एकदा आणखी म्हणणं काय जड होतं? पण आज ते जमलं नाही.

"व्हय, माय," तो म्हणाला. "लई."

सोजराबाईनं बोट काजळात बुडवलं. दुसऱ्या हातानं लेकाची मान खाली ओढली. कानामागचे केस पांढरे व्हायला लागले होते, ते तिनं बाजूला केले.

"दृष्ट माझीच लागली रे तुला. अन् मी येडी तीट लोखंडाला लावून आले."

तो तसाच वाकून उभा राहिला. तिनं ठिपका लावला. तो जरा फिसकटला.

गुरुबाईचा नातू त्या दिवशी तिटेवाचूनच घरी गेला. त्यानंतर सोजराबाईनं गावातल्या कुठल्याच लेकराला तीट लावली नाही, आणि का लावत नाही हे किशननंही कधी कुणाला सांगितलं नाही.