सदतीस नंबरच्या मोरीची पाहणी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी मोरी आहे. माझ्या पोटाखालून ओढा जातो आणि पाठीवरून रेल्वे जायची. जायची. गोष्ट तिथंच संपायला हवी होती.

संपली नाही, म्हणून भोकांवरून सांगते. भरावातलं पाणी निथळावं म्हणून पाथरवटांनी माझ्या भिंतीत भोकं ठेवली होती.

पहिलं भोक. निजामाच्या काळात मला काळ्या दगडात बांधलं. छोट्या लाईनची गाडी आली की माझे सांधे थरथरायचे. मला ते आवडायचं.

दुसरं आणि तिसरं. मोठी लाईन पलीकडून गेली. माझे रूळ उचलून नेले. तीस वर्षं रेल्वेचं कुणी फिरकलं नाही. मग भरावावर बोरी-बाभळी वाढल्या, गवतात तितर आले, माझ्या भोकांत सरडे आणि साळुंक्या.

चौथ्याबद्दल काही नाही.

पाचवं. त्याचा एक दगड निखळलेला, म्हणून ते सगळ्यांत मोठं. तिथं पिंगळ्यांची जोडी. यंदा तीन पिल्लं.

भरावावरून रस्ता होणार होता. पुंडलिकनगरच्या मनस्विनीताई दर रविवारी इथले पक्षी वहीत टिपायच्या. त्यांनी मला वाचवण्यासाठी अर्ज केला. जुनं बांधकाम आणि त्यात राहणारे जीव दिसले, तर रस्ता वळवू, असं पाहणी समितीनं कळवलं.

निजामुद्दीनचाचा माझे जुने गँगमन, रुळांची आणि माझी देखभाल करणारे. ताई त्यांना म्हणाल्या, "चाचा, मंगळवारी साहेब लोक आपली मोरी बघायला येणार."

"इन्स्पेक्शन?" चाचा ताठ झाले. "फिकीर करू नका, बेटा. मी हाय ना!"

साहेबाची ट्रॉली यायच्या आधी मोरी सजवायची, ही रेल्वेची रीत. सोमवारी चाचा आणि वहिदाचाची थापी-घमेलं घेऊन आले. गवत कापलं. झुडपं जाळली. चाचा भोकांत सिमेंट भरू लागले.

"अजी, एवढं तर लग्नात मला नटवलं नव्हतं," चाची म्हणाल्या. पाचव्याशी त्या थबकल्या. "यातून आत्ताच काहीतरी उडालं."

"उडालं ना? मग रिकामं झालं," चाचा म्हणाले. "भोक दिसलं की साहेबाचा पहिला शेरा तोच."

मग चुना. काळ्या रंगात नवा नंबर. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. तीस वर्षांनी कुणाचा तरी हात लागत होता.

आत

चोची

मंगळवारी समिती आली. चाचा जुन्या खाकीत सलाम ठोकून उभे.

"दुरुस्ती छान केलीय, ताई," एक साहेब म्हणाले. "पण जुनं काय यात? आणि पक्षी कुठं आहेत?"

ताईंनी वही पुढं केली. साहेबांनी ती चाळून परत दिली. जे दिसलं तेच लिहिलं: बांधकाम नवे. वन्यजीव आढळले नाहीत.

समितीच्या गाड्या गेल्यावर चाचांनी विचारलं, "शेरा चांगला दिला ना, बेटा?"

ताईंनी पाचव्या भोकाला कान लावला. चाचांना कळलं. त्यांनी छिन्नीनं सिमेंट फोडलं, कोपरापर्यंत हात घातला. दोन थंड. तिसऱ्यानं एकदा डोळा उघडला.

मिटला.

चाचा अजून येतात. उघड्या भोकासमोर बसून राहतात. पिंगळे येत नाहीत. रस्त्याच्या खुणांचे खुंट माझ्यापाशी पोहोचले आहेत.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. पण कुणावर माया करायला निघालात, तर थापी उचलण्याआधी आत हात घालून बघा.