ताकदीच्या गोळ्या

कासार आंबोलीची रत्नाबाई धाकट्या लेकासाठी मुलगी बघायला पौडला आली, तेव्हा तिनं फार काही विचारलं नाही. पोरीला भाकरी येते का, पवित्र शास्त्र वाचता येतं का, एवढंच. चहा झाल्यावर पदरानं तोंड पुसता पुसता ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "पोरीला काय दुखनं-बिखनं न्हाई ना, साळूबाई? कपाळावर वण दिसतोय म्हनून इचारलं."

साळूबाईनं रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"लहानपनी पायरीवरनं घसरली," ती म्हणाली. "दुखनं कसलं? माझी मार्था घोड्यावानी हाय."

मार्था दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला लहानपणापासून फेफरं होतं. कपाळावरचा वण त्याचाच. एकदा चुलीपाशीच अंग ताठलं आणि चुलीच्या कडेवर डोकं आपटलं. मिशनच्या दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, तेव्हापासून झटके जवळजवळ थांबले होते. बाई पुढं मायदेशी निघून गेल्या, पण त्या चिठ्ठीवर साळूबाई पुण्याहून गोळ्या आणत राहिली.

नवरा गेल्यापासून साळूबाई त्याच दवाखान्यात आया होती. रविवारी मिशनच्या देवळात पुढच्या बाकावर बसायची, मुलांकडून दहा आज्ञा पाठ करून घ्यायची. तिच्या शब्दाला पौडात मान होता. वजनावरून गिऱ्हाइकाशी हुज्जत झाली, की कमरुद्दीन दुकानदार म्हणायचा, "चला, साळूबाईला इचारू. ती म्हनंल ते खरं." अशा बाईला खोटं बोलायची सवय नव्हती. पण याआधी मार्थाची दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा तिनं खरं सांगितलं, आणि दोन्ही वेळा पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. मार्था तेवीस वर्षांची झाली होती. या खेपेला साळूबाईच्या तोंडून ते खरं निघालंच नाही.

देवळात दर रविवारी लग्नाची जाहीर पुकार सुरू होण्याआधी पाळकसाहेबांनी दोन्ही घरांना बोलावलं. "तुम्ही एकमेकांपासून काही झाकलेलं नाही ना?" त्यांनी विचारलं. रत्नाबाई नाही म्हणाली. साळूबाईही नाही म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही, याचंच तिला मागाहून भय वाटलं.

घरी येताना मार्था म्हणाली, "आये, हे खोटं न्हाई का?"

"न सांगनं येगळं आन् खोटं बोलनं येगळं."

"पन पाळकसाहेबांनी तर इचारलं हुतं."

"तुला सवसार करायचाय का न्हाई?" साळूबाई एकदम ओरडली.

नाताळानंतर लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी साळूबाईनं गोळ्यांची बाटली एका रुमालात बांधून मार्थाच्या पेटीत घातली. बाटलीवरची नावाची चिठ्ठी तिनं आधीच खरवडून काढली होती.

"कुनी इचारलं तर काय म्हनू?" मार्थानं विचारलं.

"ताकदीच्या हायेत म्हन."

सासर चांगलं निघालं. नवरा भैरू गवंडीकाम करायचा, कमी बोलायचा, बायकोला जपायचा. थोरल्या सुनेला दान्या नावाचा दोन वर्षांचा मुलगा होता. तो दिवसभर मार्थाच्या काखेत असे. रत्नाबाई बाजाराला पौडला आली की दवाखान्यात डोकवायची आणि विहिणीला म्हणायची, "सून न्हाई, लेकच दिलीत मला तुमी. आन् त्या गोळ्यांनी अंगात बळ बी लई हाय तिच्या." साळूबाई हसायची. मग तिचं कामात लक्ष लागत नसे. प्रभुभोजनाच्या रविवारी इतर भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढं जायचे, तेव्हा ती गुडघा धरून बसून राहायची. कोणी विचारलं तर म्हणायची, पाय धरलाय. खोट्यात अजून एका खोट्याची भर पडत गेली, आणि प्रार्थनेला डोळे मिटले की तिला शब्दच सापडेनात.

उन्हाळ्यात आंबोलीत गोवर आला. दान्या त्यातून उठला, पण पोराची पार रया गेली. खाईना, चालेना. आजीचा जीव तुटत होता. एका दुपारी दवाखान्याच्या दाराशी बैलगाडी थांबली आणि रत्नाबाई दान्याला छातीशी धरून धावत आत आली. मागोमाग भैरू, थोरली सून आणि मार्था. पोराची मान लुळी पडली होती. हाक मारली तरी डोळा उघडत नव्हता.

नव्या डॉक्टरीणबाई मिरजेहून येऊन थोडेच महिने झाले होते. त्यांनी पोराच्या पापण्या वर करून पाहिल्या, गुडघ्यावर टिचकी मारली. "गोवर होऊन गेलाय म्हणता? मेंदूला सूज आली असेल. काही औषध वगैरे दिलं होतंत?"

"झाडपाला न्हाई, काय न्हाई," रत्नाबाई रडत म्हणाली. "ताकदीच्या गोळ्या तेवढ्या. धाकल्या सुनेच्या हायेत. पोराला ताकद याया पायजे म्हनून तीन दिस तीन येळंला गुळातनं चारल्या. मी कुनाला बोलले न्हाई. ह्या साळूबाईंनीच दिल्यात त्या."

साळूबाईनं मार्थाकडं पाहिलं. मार्थाला हे आत्ताच कळत होतं. ती पांढरीफटक पडून आईकडं बघत राहिली.

"साळूबाई, कसल्या गोळ्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भैरू तिथंच होता. विहीण तिथंच होती. साळूबाई म्हणाली, "ताकदीच्याच, बाई."

"मग त्यानं असं होणार नाही. पाठीतलं पाणी काढून बघावं लागेल. सुई उकळायला ठेवा."

साळूबाईनं स्टोव्ह पेटवला. सुई पाण्यात टाकली. हात आपले आपण काम करत होते. मागं डॉक्टरीणबाई थोरल्या सुनेला समजावत होत्या की मेंदूज्वर असला तर काही सांगता येत नाही, देवाचं नाव घ्या. थोरली सून भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं प्रार्थना करू लागली. "प्रभू, माझ्याकडनं काय चुकलं? दाखव मला माझं पाप," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पाण्याला बुडबुडे आले. दान्याला कुशीवर वळवून कुणीतरी त्याची पाठ उघडी केली. मणके एकेक मोजता येतील अशी ती पाठ होती. साळूबाईनं चिमट्यानं सुई उचलली आणि पुन्हा पाण्यात सोडून दिली.

"थांबा, बाई." तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "त्या गोळ्या फेफऱ्याच्या हायेत. माझ्या मार्थाला फेफरं हाय. ल्हानपनापास्नं. मी झाकलं."

डॉक्टरीणबाई झटकन तिच्याकडं वळल्या. "नाव सांगा गोळीचं. किती ग्रेनची?" साळूबाईनं सांगितलं. बाईंनी सुई बाजूला केली. पोराला कुशीवरच ठेवलं, घशातला कफ काढला, नळीनं थोडं थोडं पाणी द्यायला घेतलं. "आता औषध एकच," त्या म्हणाल्या. "श्वास चालू राहतोय का बघत बसणं. आणि साळूबाई, मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

साळूबाई खाली वाकून पोराचे श्वास मोजू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दान्यानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रत्नाबाई मात्र उठून थेट साळूबाईपाशी आली. ती ओरडली नाही.

"फेफरं हाय म्हनून मी पोर टाकली असती का न्हाई, ठावं न्हाई," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? कदाचित टाकली बी असती. पन नातवाला माझ्या हातानं इख चारायला लावलंत तुमी मला. माझ्या हातानं."

"चुकलं, विहीणबाई."

"तुमाला ठावं व्हतं त्या गोळ्या काय हायेत. सुई बी उकळाया घेतलीत."

भैरू मार्थाला म्हणाला, "तू हितंच ऱ्हा थोडी." रागानं म्हणाला नाही, तेच मार्थाला जास्त लागलं. गाडी तिला न घेता गेली.

साळूबाई पाळकसाहेबांकडं गेली आणि सगळं बोलली. तिला वाटलं होतं ते प्रार्थना करतील आणि तिचं ओझं उतरेल. त्यांनी ऐकून घेतलं. "देवापाशी आलात, बरं केलंत," ते म्हणाले. "पण जिचं नुकसान केलंत, तिच्या दारी आधी जा. तिनं काही विचारलं तर तेवढ्याचं उत्तर द्या. स्वतःची बाजू मांडू नका."

ती पायी कासार आंबोलीला गेली. रत्नाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. साळूबाई खालच्या पायरीवर बसली.

सूप न थांबवता रत्नाबाईनं विचारलं, "गोळ्या जन्मभर घ्याव्या लागत्यात?"

"व्हय."

"बंद केल्या तर?"

"झटका येतो."

"पोरंबाळं झाली तर त्यास्नी बी हुईल?"

साळूबाईच्या ओठांवर नाही हा शब्द आला होता. तो तिनं गिळला. "ठाऊक न्हाई मला. हुईल बी."

रत्नाबाईचं सूप थांबलं. "आधीची स्थळं ह्याच पायी मोडली?"

"व्हय. दोन."

"म्हंजी सांगायचं ठावं व्हतं तुमाला." सूप पुन्हा हलू लागलं. "भैरूला इचारते. त्याची बायकू हाय, मी काय बोलू? पन तुमचं तोंड बघायला मला अजून टाइम लागंल."

पुढच्या महिन्यात एका सकाळी भैरू आला. आधी तो दवाखान्यात गेला आणि डॉक्टरीणबाईंशी बराच वेळ बोलला. मग घरी येऊन मार्थाला म्हणाला, "चल. पेटी घे." मार्था रडायला लागली. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

निघताना साळूबाई म्हणाली, "जावईबापू, एक सांगायचं ऱ्हायलं. चुलीपाशी आन् विहिरीवर तिला एकटी सोडू नगा. झटका आला तर कुशीवर करा, तोंडात काय घालू नगा."

भैरूनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो बायकोकडं वळला. "व्हय का गं?"

साळूबाईनं मान खाली घातली.

"व्हय," मार्था म्हणाली. "आये खरं सांगतीया."

मग भैरूनं पेटी उचलली आणि दोघं एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. साळूबाई दारातच थांबली. बरोबर ये, असं तिला कोणी म्हटलं नव्हतं.