तिच्या बाजूची लोकर

मी जुन्या घरांना तारे देते. घर आतली ऊब किती धरून ठेवतं त्याचे, दहापैकी. आमच्या टास्मानियातल्या जुन्या लाकडी घरांना बहुतेक वेळा एक नाहीतर दोन मिळतात, आणि मालक माझ्याकडे असं बघतात, की जणू मी त्यांच्या पोरालाच नापास केलंय.

थेल्मा पायबसकडे गेले तेव्हा जून अर्धा संपला होता, म्हणजे आमच्याकडचा ऐन हिवाळा. बाहेर गवतावर दव गोठलेलं, आणि दार उघडताच आतून भट्टीसारखी धग आली. शेगडीत लाकडं धडधडत होती, ओव्हनचं दार सताड उघडं, खोलीखोलीत शेजाऱ्यांकडून मागून आणलेले हीटर. एक्क्याऐंशी वर्षांची बाई स्वेटरच्या बाह्या सारून घामाघूम उभी.

"कालपासून तापवतेय," ती म्हणाली. "मोज आता. पाच तरी होतीलच की!"

मला हसू आलं. "थेल्मा, मी ऊब नाही मोजत. छत, भिंती, जमीन, खिडक्या बघते. घर गारढोण असतं तरी आकडा तोच आला असता."

"म्हणजे सगळं फुकट?"

"ते टेबलावरचे स्कोन-पाव मात्र मस्त फुललेत हो."

ती धपकन खुर्चीत बसली आणि मग सगळं सांगितलं. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता. ब्रिस्बेनची लेक जॅनीन तेव्हापासून हटून बसली होती, की घर विक आणि माझ्याकडे ये. भांडून भांडून तोड निघाली ती अशी: घराला पाच तारे मिळाले तर थेल्मा इथेच राहील. नाहीतर जॅनीन जुलैत येईल ती आईला घेऊनच जाईल.

"तिथं हिवाळाच नाही गं. माणसानं विणायचं काय?" थेल्माचे डोळे भरले होते, पण तोंड चालूच. "आणि क्लाइव्ह असता तरी काय उजेड पाडला असता? बावन्न वर्षं संसार केला, झोपायच्या खोलीत हीटर लावू दिला नाही बाबानं. थंडी वाजतेय म्हटलं की एकच, 'अजून एक स्वेटर घाल.' मेंढ्यांचे लाड केले, माझे कधी नाही."

मी शिडी लावून छताचं झाकण सरकवलं आणि टॉर्च घेऊन वर गेले. सगळीकडे उघड्या फळ्या आणि उंदरांच्या लेंड्या. फक्त झोपायच्या खोलीवर लोकर होती. न धुतलेली, मेंढीच्या अंगावरून उतरवली तशीच, थरावर थर, कडा वाशांखाली नीट खोचलेल्या. कसर लागून चपटी झालेली, पण निगुतीनं अंथरलेली. आणि तीही अर्ध्याच खोलीवर.

"थेल्मा, पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपता तुम्ही?" मी वरूनच ओरडले.

"खिडकीच्या. का गं?"

लोकर नेमकी तिच्याच बाजूवर होती, ते मी खाली उतरून सांगितलं. तिनं मान वर करून छताकडे पाहिलं.

"मेंढ्यांच्या दर कातरणीनंतर अर्धा दिवस वर जाऊन बसायचा," ती म्हणाली. "उंदरांना विष ठेवतोय म्हणायचा. आणि त्याच्या बाजूवर?"

"काहीच नाही."

"मूर्ख माणूस," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. लपवायचं कशाला?

पुढचं बोलायची माझी अजिबात इच्छा नव्हती. पण लोकरीनं ओल धरली होती, ती काढल्याशिवाय पाच ताऱ्यांसाठी लागणारं नवं इन्सुलेशन, ऊब धरणारा जाड थर, घालता येणार नव्हतं. तसं सांगितलं. थेल्मानं नाक पुसलं.

"काढा. पण नवं घालाल ते त्याच्या बाजूवरही घाला. उघडं नाही ठेवायचं त्याला."

नियमानं ते अख्ख्या घरावरच घालतात. मी ते बोलले नाही. "तिथूनच सुरुवात करायला सांगते," म्हटलं.

इन्सुलेशनवाल्या माणसांनी आठवडाभर काम केलं. छत झालं, जमिनीखालून झालं, फटी बुजवल्या, जाड पडदे लागले. मी पुन्हा आकडा काढला. चार पूर्णांक सहा. त्या जुन्या खिडक्यांनी दगा दिला. खोटं लिहायचा मोह झाला, नाही म्हणत नाही. पण या धंद्यात मी एकदाही खोटं लिहिलेलं नाही.

कागद घेऊन गेले तेव्हा जॅनीन आदल्या रात्रीच येऊन पोचली होती. सकाळचे नऊ वाजले होते. थेल्मानं ओठांवर बोट ठेवून मला झोपायच्या खोलीच्या दाराशी नेलं. पन्नाशीची लेक बापाच्या बाजूला आडवी पसरली होती, पांघरूण लाथाडून दिलेलं, पाय उघडे.

"या घरात टोपी घालून झोपायची ती," थेल्मा कुजबुजली. "शाळेत असताना."

थोड्या वेळानं जॅनीन डोळे चोळत स्वयंपाकघरात आली. "किती?"

"चार पूर्णांक सहा," मी म्हणाले.

थेल्मानं चहाचा कप टेबलावर ठेवला. जॅनीननं स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, जमिनीवर एकदा पाऊल घासलं, आणि फोन उचलून नवऱ्याला लावला.

"ग्रेग, झोपला होतास का रे? ऐक, पाहुण्यांची खोली आवरू नकोस. मी एकटीच येतेय."