ताई, वॉशर द्या

प्लंबरने त्या दिवशी सेवाकेंद्र कायमचं सोडलं. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. केंद्राच्या नोंदवहीत ते नाही, आणि वहीत जे नाही ते तिथे घडत नाही.

तर, सकाळी अकरा वाजता प्लंबर बेसिनखाली उताणा पडून गळका नळ बघत होता. हे स्वयंपाकघर पूर्वी त्याचंच. महागुरूंच्या प्रवचनांना आधी बायको जायला लागली, मग तिच्यामागून तो. पहिल्यांदा तिच्या बांगड्या गेल्या, मग त्याचा फंड, मग केंद्रासाठी हे घर. अहंकाराच्या भिंती पाडा, असं महागुरू म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी खरंच गवंडी आले.

केंद्रात सगळी नाती रद्द होती. पुरुष तेवढे भाऊ, बायका तेवढ्या ताई. सव्वीस वर्षं संसार करून प्लंबरला बायकोच्या जागी बहीण मिळाली होती. ती आता भांडार सांभाळायची. तो खाली तिच्या खिडकीशी गेला.

"ताई, वॉशर द्या. अर्धा इंची."

"सही करा, भाऊ."

सही करता करता तो पुटपुटला, "लेक फाटकाबाहेर आलीय. गाडी घेऊन. पाचपर्यंत थांबणार आहे. चल ना गं."

"गं नका म्हणू. कुणी ऐकेल."

"कोण? नळ?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला. तेवढाच.

"जायचं कुठे पण?"

"घरी."

"घरीच तर आहोत की," ती म्हणाली.

ती वॉशर मोजत राहिली. एकच होता. "दोघांना एकदम सोडत नाहीत. एक गेला की मागे राहिलेल्याला चाळीस दिवस मौन. ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर थांबलोय."

"मला काय त्याचं? तुमच्याशी संसार केलाय, मौनाची सवय आहे." तिने वॉशर पुढे सरकवला. "नळ नीट बसवा आणि जा. लेकीला सांगा, आई जेवते वेळेवर."

"जेवतेस?"

"पुढचे भाऊ या," ती म्हणाली. त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

त्याने नळ बसवला. थेंब थांबला. त्याला काही वाटेल असं त्याला वाटलं होतं, वाटलं नाही. पाचला दहा कमी असताना तो फाटकाशी पोचला. बाहेर जाणाऱ्याने कारणासहित अर्ज लिहिल्याशिवाय पहारेकरी कडी काढत नसे. प्लंबरने उभ्या उभ्याच लिहिलं :

मा. व्यवस्थापक यांस,

महोदय, वरच्या मजल्यावरील नळ दुरुस्त केला आहे. अर्जदार बाहेर जात आहे. भांडार विभागातील ताई या अर्जदाराच्या पत्नी असून त्यांना लग्नाच्या आधीपासून झोपेत बोलण्याची सवय आहे. तरी चाळीस दिवसांत त्या झोपेत काही बोलल्यास तो नियमभंग धरू नये, व त्या काय बोलल्या ते अर्जदारास लेखी कळवावे, ही नम्र विनंती.