वॉलरसच्या कोठ्यातल्या तिसऱ्या

त्या मंगळवारी उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातल्या बेटावर, सवूंगा गावाच्या किनाऱ्यावर आई उकिडवी बसून वॉलरसचा कोठा धूत होती. समोर तिची मुलगी मर्ना मोजपट्टी आणि स्पिरिटच्या बाटल्या घेऊन बसली होती; समुद्राचा अभ्यास हे तिचं काम, आणि त्यासाठी तिला नमुने हवे होते. आईच्या आयुष्यातला हा शेवटचा धड दिवस, हे दोघींनाही माहीत नव्हतं. गार वारा होता, आणि मर्नाला घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.

"वॉलरससारखा गडी नाही," आई म्हणाली. "खाली बुडी मारतो, तिसऱ्या ओढून घेतो, शिंपला तिथंच टाकतो. आपल्याला आयता गर. माझा आळशीपणा सगळा त्याच्याकडूनच आलाय."

"आणि माझा तुझ्याकडून."

"तुझा कुठला? तुला तर बसून खायलाही वेळ नसतो."

थोड्या वेळाने आईने वाडगं पुढे सरकवलं. "त्रेपन्न. पूर्वी एका कोठ्यात बादलीभर निघायच्या."

मर्नाला कारण पाठ होतं. बर्फाच्या पोटाला वसंतात तपकिरी शेवाळ धरतं. बर्फ वितळला की ते तंतूतंतूंनी सुटून तळाला बसतं आणि तिसऱ्या त्यावर पोसतात. आता बर्फ उशिरा धरतो, लवकर जातो. शेवाळ उघड्या पाण्यात वाढतं, वरच्यावरच बारीक जीव ते खाऊन टाकतात. तळाला पोहोचतो तो उरलासुरला चुरा.

"आम्ही लहान असताना बर्फाची लादी उलटली की खालून चहासारखी दिसायची," आई म्हणाली. "आता पांढरीफटक. हे सांगायला तुला बोटीवर जावं लागलं?"

"मोजावं लागतं, आई. पन्नास दे."

नमुन्याला तीस पुरे, असा नियम होता. आधीच्या पाच वर्षांच्या तक्त्यात पन्नास-पन्नास होत्या. यंदाच्या रकान्यात तीस लिहिलं की तो अर्धवट दिसेल, एवढंच.

आईने वाडग्याकडे पाहिलं, मग एकेक गर मोजून बाटल्यांत सोडला. उरल्या तीन. अर्लीन मावशी थोरली. वसंतातल्या पहिल्या तिसऱ्या थोरल्यांच्या, हा तिथला रिवाज. त्या तिन्ही तिच्या घरी गेल्या.

"तू?" मर्नाने विचारलं.

"मला भूक नाहीये."

आईला भूक होती. वर्षभर ती या दिवसाची वाट बघायची.

बुधवारी सकाळी आई चुलीपाशी पडली ती उठलीच नाही. तिला दवाखान्यात न्यायला नोम शहरातून निघालेलं विमान धुक्यामुळे उतरू शकलं नाही. गुरुवारी धुकं निवळलं.

ऑगस्टमध्ये मर्ना बोटीवर गेली. समुद्रात खोल टांगलेली नरसाळी वर आली. वरून पडणारं काय काय तळाकडे जातं, ते त्यांच्या पेल्यांत आठवड्या-आठवड्याने साठतं. पूर्वी मेच्या पेल्यात दाट तपकिरी गाळ असायचा. या वेळी बोटभरसुद्धा नव्हता. तिने तो वाळवला, तोलला, आकडा लिहिला. शेजारच्या तक्त्यात तिसऱ्यांचा रकाना भरलेला होता, पन्नासच्या पन्नास. नीटनेटका. तिने वही मिटली.

पुढच्या वसंतात तिचा भाऊ क्लेमेंट एक वॉलरस घेऊन आला. कोठा मावशीने धुतला. अकरा निघाल्या.

"बाटल्या कुठायत तुझ्या?" मावशीने विचारलं.

"नाही आणल्या."

"विसरलीस? तू?"

"नाही. आणायच्याच नव्हत्या."

गेलेल्यांचा घास देण्यासाठी वाळूत छोटासा जाळ केला होता. मावशीने एका तिसरीचा गर मर्नाच्या हातावर ठेवला.

"आईचा घास तू दे. नुसता टाकू नकोस, तिच्याशी बोलून टाक. मुक्याने दिलेलं तिला आवडायचं नाही, जिवंतपणीही नाही."

"काय बोलू?"

"मला काय विचारतेस? वर्षभर तोंड शिवून बसलीयेस, काहीतरी असेलच."

क्लेमेंट उठून नावेकडे गेला. मर्नाने घास जाळात ठेवला. तो चरचरला.

"आई," ती म्हणाली, "पन्नास लागत नव्हत्या. तीस पुरल्या असत्या. मला ते त्या दिवशीही ठाऊक होतं."