परवानगी नाही

"हे मशीन खोटं बोलतंय," बाबा म्हणाले आणि जेवण झालेलं ताट बाजूला सारावं तसा त्यांनी की-बोर्ड पुढे सरकवला.

ती दारातच थबकली. कडेवर लेक, हातात लेकीचा उष्टा चमचा. पोरीच्या दुपारच्या झोपेतून वेळ चोरून तिने बाबांसाठी हा प्रोग्राम लिहिला होता. त्याला कुणी खोटारडा म्हणेल, असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाबा आयुष्यभर एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर. यांनी एका ओळीत हुकूम टाइप करायचा आणि मशीनने तो पाळायचा. कारखान्यात त्यांना चेहऱ्याने ओळखणारे थोडेच होते, पण ते रजेवर गेले की सगळ्यांना कळायचं. निवृत्तीनंतर ते विसरू लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आजचा वार. बोटांतले हुकूम मात्र जागच्या जागी राहिले, आणि घोळ केला तो त्या बोटांनीच. एके दिवशी आवराआवर म्हणून त्यांनी नातीच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो पुसून टाकले. आईने कॉम्प्युटरला कुलूप घातलं. तरी बाबा रोज आंघोळ उरकून, भांग पाडून त्या बंद पडद्यासमोर बसायचे. तिला ते बघवेना.

म्हणून तिने शेल, म्हणजे टाइप केलेले हुकूम मशीनकडून करून घेणारा प्रोग्राम, लिहायला घेतलं. कॉलेजात शिकलेली सी भाषा लेक झाल्यापासून धूळ खात पडली होती, ती झटकली. काम तसं सरळ होतं. एक ओळ वाचायची, मोकळ्या जागांवर तोडून शब्द सुटे करायचे, सांगितलेलं काम करायला एक पोर-प्रोसेस, म्हणजे हाताखालचा छोटा प्रोग्राम, जन्माला घालायची आणि ती काम संपवेपर्यंत थांबून राहायचं. मग पुन्हा कर्सर, पुन्हा पुढची ओळ. पोराला पाठवून वाट बघत बसण्याचा भाग तिला न शिकवताच जमला.

कुलूप काढलं त्या पहिल्या दिवशी फजितीच झाली. लांबलेलं काम थांबवायला बाबांनी सवयीने कंट्रोल-सी दाबलं आणि कामाबरोबर तिचं अख्खं शेलच बंद पडलं. बाबा खुदकन हसले. "नवीन दिसतोय लिहिणारा," ते म्हणाले. तिने ते दुरुस्त केलं. मग बाबांचे दिवस बरे जाऊ लागले. फायलींची यादी बघायला ते एलएस लिहायचे, नकला काढायचे, तारीख विचारायचे. आजचा वार मशीन सांगायचं, त्यामुळे आईला विचारून बोलणी खायची वेळ यायची नाही.

पुसायच्या हुकमाची, आरएमची, तेवढी तिला धास्ती होती. म्हणून तिथे तिने शक्कल लढवली. बाबांनी आरएम लिहिलं की शेल काहीच करायचं नाही, नुसतं 'काम झालं' म्हणायचं. आपल्या हुशारीवर ती खूश होती.

आता बाबांनी पडद्याकडे बोट केलं. "फाइल पुसली. म्हणतं, काम झालं. एलएस मारलं, तर फाइल तिथेच."

पुसल्यावर यादी तपासायची ही त्यांची जुनी सवय. ती तिच्या हिशेबात धरलीच नव्हती. तिने आधी सारवासारव केली. मशीन जुनं आहे, कधी कधी होतं असं, म्हणाली. बाबा ऐकत राहिले. तेवढ्यात लेकीने हातातला खेळण्यातला फोन जमिनीवर आपटला आणि तिच्या खऱ्या फोनसाठी भोकाड पसरलं.

"तिलासुद्धा कळतं," बाबा म्हणाले.

ती खाली बसली. लेकीला मांडीत घेऊन तिने सांगून टाकलं. फोटो गेले होते ते, भीती वाटली ते, शक्कल लढवली ते. फोटोंचं बाबांना आठवत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला, आणि आपण सांगायला नको होतं असं तिला वाटलं.

"मग नाही म्हणायचं ना," ते म्हणाले. "परवानगी नाही, असं लिहायचं. नोकरीत मशीन मला कितीदा तसं म्हणायचं. मी कधी रागावलो? पण झालं म्हणून सांगू नकोस, बाळा. मग मला कळत नाही मी कुठे आहे."

लेक झोपल्यावर तिने ती ओळ बदलली. दुसऱ्या दिवशी बाबांनी आरएम लिहिलं. पडद्यावर 'परवानगी नाही' उमटलं. "बरं," म्हणून ते पुढच्या कामाला लागले.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती लेकीला भरवत होती, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून बाहेरच्या दारात उभे. ऑफिसला उशीर होतोय म्हणाले. असं झालं की आई ठरलेलं उत्तर द्यायची, आज सुट्टी आहे. आताही आई तोंड उघडणार, तोच तिने आईच्या हातावर हात ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिच्या मनासारखा निघाला नाही. "आता ऑफिस नाही. तुम्ही रिटायर झालात."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे, मग पुन्हा तिच्याकडे. कडेवरच्या पोरीनेही घास गालातच धरून ठेवला.

"बरं," बाबा म्हणाले.

ते स्टुलावर बसले. नाड्या सावकाश सोडल्या, आणि उद्या लागणार असल्यासारखे बूट पुसून भिंतीला लावून ठेवले.